हौसाच्या हातातलं दावं

आमच्या गावच्या कोंडवाड्याची चावी वर्षानुवर्षं माझ्या घरात, दाराच्या मागे खिळ्याला होती. मी पंचायतीचा शिपाई. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर लोक हाकत आणायचे. मी ते आत घेऊन कुलूप लावायचो आणि वहीत लिहायचो: तारीख, जनावर, रंग, कोणी आणलं. मालक आला की दंड घेऊन सोडायचं. जनावर आत असेपर्यंत त्याला वैरण-पाणी देणं हेही माझंच काम. नेमणुकीच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलं आहे. ते काम मी पहिल्या एकोणीस वर्षांत एकदाही केलं नाही. ते माझी बायको चंद्रावती करायची.

सुरुवात कशी झाली तेवढं सांगतो. नेमणूक झाली त्याच आठवड्यात मला ताप आला होता आणि कोंडवाड्यात पहिलीच जनावरं आली होती, धाकूचे दोन रेडे. चंद्रावती म्हणाली, "आज मी घालून येतंय." ती गेली. दुसऱ्या दिवशी माझा ताप उतरला, पण मी उठलो नाही आणि तिने विचारलं नाही. मग ते तिचंच झालं. पगार माझा, खाकी शर्ट माझा, पाणी तिचं.

कोंडवाडा गावाबाहेर सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, कडेला आहे. चिऱ्याच्या भिंती, माणसाच्या डोक्याइतक्या उंच. आत जनावरांच्या पाण्यासाठी दगडाची डोण आहे, पण नळ नाही. विहीर खाली, आमच्या घराच्या मागे. तिथून कळशी डोक्यावर घेऊन चढ चढायचा. एका मोठ्या जनावराला दिवसाला किती कळश्या लागतात हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नव्याण्णव सालचा मार्च होता. रविवारी संध्याकाळी धाकू एक तांबडी गाय हाकत घेऊन आला. तिच्या गळ्यात तुटलेल्या दाव्याचा हातभर तुकडा लोंबत होता. धाकू आमच्याच वाड्यावरचा. खाली त्याचं वायंगण आहे, म्हणजे उन्हाळी भात.

"भिकाजी, ही त्या घाट्यांची गाय," तो म्हणाला. "तिसऱ्या फेरी माझ्या भातात रिगली. ह्या फेरी दंड घेतल्याशिवाय सोडू नको."

"कोणाची? मारुतीची?"

"त्याचीच. तो गवंड्याच्या हाताखाली आसा ना, त्या नव्या बिल्डिंगीवर. त्याच्या बायलेन पोसली." मग तो चंद्रावतीकडे बघून हसला. ती कळशी घेऊन विहिरीकडे निघाली होती. "मारुतीक काय, तो खुशीत असतलो. ह्यो कोंडवाडो खंय, ह्यां वैनीचां हॉटेल. हंयसर येतत ती जनावरां जाड होवन जातत."

"मग तू पण रव चार दिवस आत," चंद्रावती म्हणाली. "हाडां दिसतत तुझी."

आम्ही तिघंही हसलो. ती माझ्या घरातली शेवटची थट्टा.

त्या संध्याकाळी ती चार खेपा गेली. चौथ्या खेपेहून येऊन पायरीवर बसली आणि छातीवर हात ठेवला.

"काय गो?"

"काय ना. चढ चढलंय, छातीत भरल्यासारखां जाता. मातशी बसतंय."

"बस. पण आधी चाय ठेव," मी म्हणालो.

तिने चहा ठेवला. मी प्यालो. सोमवारी पहाटे ती उठली नाही.

त्यानंतर घर माणसांनी भरलं. तिच्या माहेरची, लाटंबार्शाची माणसं आली. डिचोलीला कारखान्यात असलेला माझा मुलगा सुदेश आला, त्याने अग्नी दिला. मी सोप्यावर चटईवर बसून राहिलो. आमच्याकडे बारा दिवस सुतक पाळतात. सुतकाच्या घरातली वस्तू कोणी उचलत नाही, मागत नाही. पाणीसुद्धा पीत नाहीत. चावी दाराच्या मागे होती, आणि दाराच्या आत सुतक होतं.

मंगळवारी दुपारी माणसं सोप्यावर बसली होती. कोण काय बोलत होतं मला आठवत नाही. मध्येच सड्यावरून गाय हंबरली.

"ह्यां खंयचां जनावर?" तिचा भाऊ म्हणाला.

धाकू तिथेच खांबाला टेकून बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने जमिनीकडे बघितलं. माझ्या दुःखाच्या घरात चावी कशी मागायची, असं त्याला वाटलं. पुढे पोलिसांना त्याने तेच सांगितलं, आणि ते खरं होतं. येताजाता दोनदा त्याने भिंतीवरून गवताची पेंढी आत टाकली. पाण्याचं त्याला सुचलं नाही. तेही खरं असेल. त्या भिंतीआड पाणी कोण नेतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि ती आता नाही हेही सगळ्या गावाला माहीत होतं. पण सुदेशने बघितलं असेल, पंचायतीने दुसरा माणूस लावला असेल, असं ज्याने त्याने धरलं. गावाला मी दोष देत नाही. चावी गावाकडे नव्हती.

मी पोलिसांना सांगितलं की दुःखात मला गाईची आठवण राहिली नाही. हे खोटं आहे. मला पहिल्या हंबरण्यापासून आठवण होती. ती कधी हंबरली, किती वेळ हंबरली, आवाज कधी घोगरा झाला, हे सगळं मी ऐकत होतो.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी हौसा आली. हौसा म्हणजे मारुतीची बायको, कोल्हापूरकडची, चंदगडच्या बाजूची. बिल्डिंगीच्या मागे पत्र्याच्या खोपीत ती दोघं राहायची. दोन वर्षांपूर्वी तिने गावातूनच एक कालवड घेतली होती. दिवसभर विटा वाहायची आणि संध्याकाळी गाईसाठी गवत कापायची. गवत कापायला आमच्या विहिरीवरून जायची, तशी चंद्रावतीशी तिची ओळख झाली. ती चंद्रावतीला मामी म्हणायची आणि मला मामा. चंद्रावतीने तिला एकदा जुनी लुगडी दिली होती. तीन दिवस हौसा पलीकडच्या गावापर्यंत गाय शोधत फिरली. बुधवारी संध्याकाळी पदेराने, म्हणजे पाववाल्याने, तिला सांगितलं की तुझी गाय कोंडवाड्यात आहे. आमच्या घरातलं त्याने सांगितलं नसावं, किंवा त्यालाही ठाऊक नसावं. तो पलीकडच्या गावचा.

ती अंगणात आली तेव्हा तिच्या हातात दावं होतं. नवीन दावं, काथ्याचं, गुंडाळलेलं. तिने सोप्यावरची चटई बघितली, माणसं बघितली, आतला दिवा बघितला. तिला क्षणभर कळेना. मग कळलं. तिने दावं पदराखाली घेतलं.

त्याआधी मी ते बघितलं होतं. आमची नजरानजर झाली ती त्या दाव्यावरच.

"मामी गेल्या व्हय?" ती म्हणाली, आणि तिथेच पायरीखाली बसून रडली. खरंच रडली. आतून बायका आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. अर्धा तास ती होती. तेवढ्यात गाय दोनदा हंबरली. दुसऱ्या वेळी हौसाने मान वर केली, सड्याकडे बघितलं आणि परत मान खाली घातली. मग उठली, मला हात जोडले आणि गेली. गाय मागितली नाही. मयताच्या घरात येऊन माझं जनावर सोडा म्हणून कोण म्हणेल? मीही म्हटलं नसतं.

ती गेल्यावर मला एवढंच करायचं होतं: सुदेशला हाक मारून म्हणायचं, दाराच्या मागची चावी घे. सुदेश चार हातांवर बसला होता. तो घरचाच, सुतकातलाच. त्याने चावी घेतली तर कोण काय म्हणणार होतं? एवढे शब्द माझ्या तोंडात होते. मी ते बोललो नाही.

का बोललो नाही हे मी त्या वर्षी कोणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं माणूस दुःखात आहे. दुःख होतंच. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं. त्या गाईसाठी ती चार खेपा चढ चढली आणि पहाटे गेली. जे पाणी तिने शेवटचं वाहिलं ते त्या गाईने प्यालं. गाय हंबरायची तेव्हा मी मनात म्हणायचो, ओरड. ओरड किती ओरडायचं ते. माझ्या बायकोला खाल्लंस तू. मी असं शब्दाशब्दाने म्हणत होतो, आणि वरून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माणसं म्हणत होती, भिकाजीची अवस्था बघवत नाही.

चहा मी मागितला होता हे मी मनातसुद्धा म्हणत नव्हतो. गाय होती ना बोल लावायला.

सहाव्या दिवशी आवाज बंद झाला. मला कळलं. मला बरं वाटलं. बरं वाटलं हेच खरं.

नवव्या दिवशी जनावरांच्या सरकारी डॉक्टर रोहिणीबाई लस टोचायला गावात आल्या होत्या. कोंडवाड्याभोवती कुत्री आणि वास. त्यांनी भिंतीवर चढून बघितलं आणि थेट पेडण्याला पोलिसांना फोन केला. पंचनामा झाला. डोण कोरडी होती, आणि गाईने ती चाटून चाटून आतलं शेवाळही काढलं होतं, असं पंचनाम्यात लिहिलं आहे. मला ते नंतर वाचून दाखवलं. चावी सुदेशनेच नेऊन दिली. तो परत आला तेव्हा न्हाणीत जाऊन ओकला. माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही माका एक शब्द तरी सांगूक व्हयो होतो."

"लक्षात नाय रवलां," मी म्हणालो.

बारावा झाल्यावर पोलीस आला. चांगला माणूस होता. बूट बाहेर काढून आत आला. त्याच्याआधी आमचे सरपंच गोकुळदास येऊन बसले होते. त्यांनी जबानी लिहूनच आणली होती.

"भिकाजी, तू काय बोलू नको," गोकुळदास म्हणाले. "मी लिवलां हा. तू आयक आणि सही कर. 'पत्नीच्या निधनामुळे मी घराबाहेर पडलो नाही. दुःखात जनावराची आठवण राहिली नाही. जनावराचा मालक आठ दिवसांत चौकशीस आला नाही. आला असता तर जनावर सोडले असते.' बरोबर?"

शेवटच्या वाक्यांपाशी मी त्यांना अडवलं.

"मालकाचां कित्याक लिवलां?" मी विचारलं.

"अरे, ताच तर मेन. मालक इलो नाय म्हणून गाय आत रवली. नाय तर पंचायतीवर येता, तुझ्या नोकरीवर येता. ती मानसां खंयची? आज हंयसर, उद्या बेळगावाक. कोण इचारता तेंका?" मग आवाज खाली करून म्हणाले, "इल्ली काय ती?"

"गाय मागूक नाय इल्ली," मी म्हणालो.

बघा कसं बोललो. एकही शब्द खोटा नाही. आणि मी सही केली.

त्या दोन ओळींनी पुढे काय केलं ते महिन्याने कळलं. पोलिसांनी केस केली ती प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणाऱ्या कायद्याखाली. आरोपी नंबर एक मी, कोंडलेल्या जनावराला अन्नपाणी दिलं नाही म्हणून. आणि आरोपी नंबर दोन हौसा, जनावर मोकाट सोडलं आणि नंतर वाऱ्यावर टाकलं म्हणून. मालक आला नाही हे माझ्याच जबानीत होतं, त्यामुळे तो गुन्हा कागदावर पक्का बसला. जिची गाय मी मारली तिलाच मी आरोपी केलं.

मी गोकुळदासांकडे गेलो. ते काजूच्या बिया वाळत घालत होते.

"ती इल्ली होती," मी म्हणालो. "चौथ्या दिवसा. दावां घेवन."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "गाय मागल्यान?"

"नाय."

"मग नाय इली. गप रव, भिकाजी. पन्नास रुपये दंडाची केस ती. कायद्यात गाय-बैल, कुत्रो-माजर, सगळ्यांची किंमत तीच. तिका पण तेवढोच होतलो. मारुती भरतलो. तू जबानी फिरवलंस तर मात्र तू खोटो पडतलंस, आणि सहीवर साक्षीदार मी आसय."

मी घरी आलो.

केस दीड वर्ष चालली. चालली म्हणजे तारखा पडल्या. त्या दीड वर्षात हौसा मला रस्त्यात भेटायची. डोक्यावर गवताचा भारा नसायचा, बाकी तशीच. "जेवलात का मामा?" म्हणायची. दुसरं काही नाही. मी "होय गे" म्हणून पुढे जायचो. एकदा मी रस्ता बदलला, तर पुढच्या वळणावर तीच समोर आली आणि म्हणाली, "जेवलात का मामा?"

नोकरी राहिली. कोंडवाडाही राहिला. पहिलं जनावर आलं ते एक वासरू. मी कळशी घेतली. चढ अर्ध्यावर आला तेव्हा मला दम लागला आणि मी एका चिऱ्यावर कळशी टेकली. त्या चिऱ्याला कळशीच्या बुडाएवढा गोल खळगा पडलेला होता. एकोणीस वर्षं ती तिथे टेकत होती. वर गेलो तर दाराच्या बाजूला भिंतीवर तिची चुंबळ तशीच होती, जुन्या लुगड्याची, उन्हाने पांढरी पडलेली. पंचनाम्यात ती कोणी लिहिली नव्हती. वासरालासुद्धा दोन कळश्या लागतात. गाईला चार लागतात, उन्हाळ्यात पाच. आता मला माहीत आहे.

सप्टेंबर दोन हजारमध्ये शेवटची तारीख होती. पेडण्याच्या कोर्टात मी सकाळी दहालाच जाऊन बसलो. पंचायतीने वकील दिला होता. त्याने मला व्हरांड्यात समजावलं. "गुन्हा कबूल नाही म्हणायचं. बाकी मी बोलतो. घरात मयत होतं आणि मालकीण आली नाही, एवढ्यावर तुम्ही सुटता."

"आणि ती?"

"तिचा वकील नाही. ती कबूल करेल. तिला सांगितलंय शिरस्तेदारांनी, कबूल केलं तर आज संपतं, नाही तर परत तारीख."

हौसा जिन्याखाली उकिडवी बसली होती. मारुती बरोबर नव्हता, एकाची मजुरी बुडाली तेवढी पुरे. शेजारी उभा असलेला एक हवालदार कोणाला तरी सांगत होता, "गायीच्या खुनाची केस, बाबा. पन्नास रुपये फुल अँड फायनल. म्हापशाच्या बाजारात पन्नासाक कोंबो पण येयना."

ऐकणारा हसला. हौसाही थोडी हसली. ते आपल्याबद्दल आहे हे तिला कळलं होतं की नाही कोण जाणे.

साडेअकराला पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा लावलेल्या, पुढ्यात कागदांचा ढीग. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो. त्यांनी माझ्यावरचा आरोप वाचला आणि विचारलं, "कबूल?"

माझ्याआधी वकील म्हणाला, "नाकबूल."

त्यांनी लिहिलं. मग हौसाकडे वळल्या. "तुम्ही जनावर मोकाट सोडलं, आणि कोंडवाड्यात आहे हे कळूनही न्यायला आला नाही. कबूल?"

"गाय सुटली हुती, बाई," हौसा म्हणाली. "दावं तोडून गेली."

"ते नंतर. कबूल की नाही?"

तिने शिरस्तेदाराकडे बघितलं. त्याने डोळ्यांनी खूण केली.

"व्हय. कबूल."

बाईंनी पेन उचललं. त्या लिहायला लागल्या होत्या. मला वाटत होतं कोणीतरी बोलेल. कोण बोलणार होतं? माझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?

"ती आली होती," मी म्हणालो.

वकिलाने माझा शर्ट मागून ओढला. बाईंनी वर बघितलं. "कोण आली होती?"

"ही. हौसा. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या घरी आली होती."

"तुमच्या जबानीत तर लिहिलंय की मालक आला नाही."

"ते खोटं आहे."

कोर्टात बसलेले लोक आता ऐकायला लागले होते. वकील उठला. "बाई, माझा अशील तेव्हा सुतकात, मानसिक धक्क्यात..."

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या. मग मला, "तिने जनावर मागितलं?"

"नाही. घरात मयत बघून ती मागणार कशी? पण तिच्या हातात दावं होतं. ते मी बघितलं. ती कशाला आली ते मला कळलं. गाय तेव्हा जिवंत होती. आम्हा दोघांना ती ऐकू येत होती."

"मग?"

"मग ती गेली. आणि मी चावी दिली नाही." मी पुढे म्हणालो, "मला गुन्हा कबूल आहे. विसरलो होतो तेही खोटं. माझ्या लक्षात होतं."

बाईंनी कागदांतून पंचनामा काढून वाचला. मग त्यांनी हौसाला नीट विचारलं, दावं कुठलं, कसं तुटलं, किती दिवस शोधलं. हौसाने सांगितलं. पंचनाम्यात गळ्यातल्या तुकड्याची नोंद होतीच. बाई म्हणाल्या की दावं तोडून गेलेलं जनावर आणि शोधत आलेली मालकीण, याला मोकाट सोडणं किंवा टाकून देणं म्हणत नाहीत. तिचा कबुलीजबाब त्यांनी घेतला नाही आणि तिला सोडलं.

मला पन्नास रुपये दंड. भरला नाही तर काही दिवस कैद. "कायद्यात पहिल्या गुन्ह्याला याहून जास्त नाही," त्या म्हणाल्या. सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खोट्या जबानीबद्दल मला आणि सरपंचांना ताकीद लिहिली. पुढचा पुकारा झाला.

मी खिडकीवर पैसे भरले. पावती मिळाली. मला वाटलं होतं काहीतरी होईल. आत टाकतील, शर्ट काढून घेतील. घरून निघताना मी सुदेशला सांगूनही ठेवलं होतं की संध्याकाळी परतलो नाही तर घर बघ. काही झालं नाही. साडेबाराला मी मोकळा होतो, आणि बाहेर ऊन होतं.

हौसा बस थांब्यावर उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. पाया पडावं की काय करावं मला कळेना. ती माझ्या मुलीच्या वयाची.

"हौसा, मी तुका फशीवलंय," मी म्हणालो. "तुझां दावां मी बघितलेलां."

"म्हाईत हाय की, मामा," ती म्हणाली. "तुमी बगितलं ते मला दिसलं हुतं. म्हनून तर मी बिनघोर गेले. मनात म्हनलं, मामांनी दावं बगितलं, आता कुनाला तरी धाडतील. मी सांच्यापातूर खोपीच्या दारात वाट बगितली. दुसऱ्या दिशी पन बगितली."

तीन दिवस शोधून दमलेली बाई दारात बसली आहे, आणि तिला खात्री आहे की मी माणूस आहे.

"मग धाडलं का न्हाई?" तिने विचारलं.

कोर्टात हे कोणी विचारलं नव्हतं. वकिलाने नाही, बाईंनी नाही. तिथे देणं आणि न देणं एवढंच लागत होतं. हिने विचारलं, आणि रागाने नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं.

मी सांगितलं. रविवारच्या चार खेपा सांगितल्या. छातीवरचा हात सांगितला, आणि मी चहा मागितला तेही सांगितलं. ते मी पहिल्यांदाच तोंडातून काढलं. गाय ओरडत असताना मी मनात काय म्हणत होतो तेही सांगितलं. म्हणालो, "तिणां शेवटचां पाणी तुझ्या गायीक घातलां गे. माका ताच सोसला नाय."

हौसाने पदराने तोंड पुसलं. लांबून बस येताना दिसत होती. तिने पिशवी उचलली.

"मग मामींच्या त्या पान्याची तरी लाज राखायची हुती, मामा," ती म्हणाली.

बस आली. ती चढली. कंडक्टरने मला विचारलं, येतो का. मी नको म्हणालो. ती खिडकीशी बसली आणि बस सुटताना तिने माझ्याकडे बघितलं, पण जेवलात का म्हणून विचारलं नाही.

मी पुढच्या बसने घरी गेलो. कोंडवाड्यात धाकूने सकाळी मी निघता निघताच एक म्हातारा बैल आणून ठेवला होता. दुपार टळून गेली होती. मी शर्टही न बदलता कळशी घेतली.